शोधनिबंध पाठवताय? आधी या चुका टाळा

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदेड, परभणी, बीडकडचे पीएचडी करणारे आहेत. बरेच जण दिवसा कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे घेऊन, तास घेतात आणि रात्री लिहायला बसतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांत त्यांचे पैसे बुडताना बघवत नाही, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पैसे भरून झाल्यावर विचारणं. "मॅडम, हे जर्नल कसंय?" हा प्रश्न पावतीच्या फोटोसकटच येतो. तीन दिवसांत छापून देणारा निबंध वाचणार कधी? आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. 'केअर लिस्टेड', म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चांगल्या जर्नलांच्या यादीतलं, म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ती यादी बंद केल्याचं यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर केलंय. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेलाच हवा, ही अटही यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र गाईडना विचारून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण असते, फॉन्टची. माझा पहिला निबंध मी टायपिंग सेंटरवर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करून घेतला होता. संपादकांच्या कॉम्प्युटरवर 'मराठवाडा'च्या जागी ई, जे, के अशी इंग्रजी अक्षरं उमटली आणि फाइल परत आली. कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसावं म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा. जुनी फाइल कन्व्हर्ट केली असेल तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार ओळीओळीनं तपासा, ते हमखास सरकतात.

आता मदत मागण्याबद्दल. अठरा पानांची पीडीएफ टाकून "बघून सांगा" म्हटलं की कुणीच उघडत नाही. एकच परिच्छेद टाका आणि नेमकं विचारा: "तुळजापूरच्या पाच गोंधळींच्या मुलाखतींवरून हा निष्कर्ष निघतो का?" असं विचारलं की रात्री अकरालाही कुणीतरी लिहितं, "हेच पाच का निवडले, ते आधी सांग." निबंधाला खरा आकार अशा एका ओळीनं येतो. ही ओळ निबंध पाठवण्याआधी मिळायला हवी.

दुसऱ्या भाषेतला मजकूर मराठीत आणून आपला म्हणून देऊ नका. सॉफ्टवेअरनं पकडलं नाही तरी ती चोरीच.

आणि पैसे भरून बसलाच असाल, तर निबंध मागे घेत असल्याचं जर्नलला मेलवर लेखी कळवा आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत तोच निबंध दुसरीकडे पाठवू नका. उत्तर आलं नाही, तर त्या मेलची प्रत घेऊन गाईडकडे जा.