पऱ्हाट्या चुलीला लावा, बांधावर रचू नका

जानेवारीत खान्देशात कडाक्याची थंडी आणि कपाशीची उपटणी एकदमच येते. पहाटे पाणी तापवायला बंबात आणि चुलीत पेटवण लागतं, आणि ते पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या रूपात शेतातच पडलेलं असतं.

पेटवण बारीक आणि खडखडीत वाळलेलं हवं. काडी वाकवल्यावर कटकन मोडली तर घ्या. नुसती लवली तर ओल आहे. ती धूर करणार आणि तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जाणार. खाली कडुनिंबाचा वाळका पाला किंवा नारळाची शेंडी, वर करंगळीएवढ्या तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आडव्या-उभ्या, मध्ये हवेला वाट ठेवून. ज्वाळा धरली की मक्याची बिट्टी, मग बाभळीचं फाटं. केळीचा वाळका पाला भुर्रकन जळून जातो, तो बागेत आच्छादनालाच बरा. करपा लागलेली पानं मात्र बागेत न ठेवता वाळवून चुलीत घाला.

पऱ्हाट्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं. भरिताची वांगी आपण काड्यांवरच भाजतो, त्यामुळे हे सरपण फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण झाडावर उरलेल्या किडक्या बोंडांत आणि कवड्यांत (नीट न फुटलेल्या, चिकटलेल्या कापसात) गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते. बांधावरचा ढीग पावसाळ्यापर्यंत राहिला की पतंग निघतात आणि नव्या कपाशीवर अंडी घालतात. तो ढीग तुमचा असला तरी नुकसान शेजाऱ्याचंही होतं. म्हणून उपटतानाच बोंडं, कवड्या तोडून जाळा, काड्या शेतापासून लांब ठेवा आणि मेअखेर संपवा. उरतील त्यांचे यंत्रानं तुकडे करून कंपोस्टात टाका.

ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवा, विंचू-साप असतो. कण्हेरीची काडी चुलीत घालू नका, ती विषारी आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या, प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर आणि औषधाच्या बाटल्याही नकोत. त्यांचा धूर घरभर फिरतो.

राखेत पालाश असतं, पण ती अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन आधीच तशी आहे. एकाच जागी ओतू नका. पूर्ण थंड झाल्यावर शेणखताच्या खड्ड्यात थोडीथोडी पसरा.