‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी : जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत या चुका टाळा

मृग लागला की तात्यांचा फोन येतो आणि त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “अरे, बॅटरी गेली. येताना नवी घेऊन ये.” मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, आमचं भातशेत शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनात उतरून पुढे पाऊण तास. ट्रॅक्टर आहे आजोबांनी सेकंडहँड घेतलेला इंटरनॅशनल बी-275. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासला सोबत घेऊन 1963 मध्ये कंपनी काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यात हे ट्रॅक्टर बनवले. म्हणजे गडी जन्माने मुंबईकरच.

या मुंबईकराला मी चार वर्षांत तीन बॅटऱ्या घातल्या. पहिली आम्हीच मारली, दुसरी उपाशी राहिली आणि तिसरी तर चांगली होती, उगाच बदलली. ज्यांच्या घरी असा म्हातारा ट्रॅक्टर उभा आहे, त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

उभं ठेवून मारणं

आमच्याकडच्या ट्रॅक्टरचं वर्ष असं जातं : जून-जुलैत चिखलणी, मग शेडमध्ये विश्रांती. खंडेनवमीला हार-कुंकू, पाच मिनिटं चालू. दिवाळीनंतर मळणी. त्यानंतर थेट पुढच्या मृगापर्यंत कोंबड्या त्याच्या सीटवर बसतात. बॅटरी कामाने मरते असं आपल्याला वाटतं, पण अशा ट्रॅक्टरची बॅटरी बसून मरते.

काही न करता ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी महिन्याला साधारण चार-पाच टक्के उतरते. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि जुन्या बॅटरीत हा वेग आणखी वाढतो. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर धरतो. तो ताजा असेल तर चार्जिंगने जातो, महिनोन्‌महिने राहिला तर दगडासारखा घट्ट बसतो आणि मग कुठलाही चार्जर त्याला हलवू शकत नाही.

खंडेनवमीच्या पाच मिनिटांनी बॅटरी भरत नाही, हे तात्यांना पटवायला मला मीटर घेऊन जावं लागलं. बॅटरी भरणारा जुना डायनॅमो मंद वेगावर जवळपास काहीच देत नाही. डॅशवरचा लाल दिवा मिणमिणत असेपर्यंत समजा की बॅटरीतून नुसतं जातंय, येत काही नाही. चालू करायचाच असेल तर अर्धा-पाऊण तास जरा रेस ठेवून बांधावरून फिरवा. नाहीतर करूच नका, सरळ अर्थची (बॉडीला जोडलेली) केबल काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा.

साधा डिजिटल मीटर घरात हवाच. ट्रॅक्टर बंद करून चार-पाच तास झाल्यावर मोजा. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे तळाला गेलेली. 12.4 च्या खाली दिसली की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. ‘बघू रविवारी’ म्हणत आम्ही आमची पहिली बॅटरी घालवली.

उपाशी बॅटरी

दुसरी बॅटरी नवी असूनही पंधरा दिवसांत दमली. दुकानदाराने वॉरंटीचं नाव काढू दिलं नाही, आणि आता कळतं की चूक त्याची नव्हतीच. इंजिन रेस करून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलं तर 12.4! चार्ज होत असताना तिथे साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. डायनॅमोचा बेल्ट इतका सैल होता की बोटाने दाबला की लोंबकळायचा. बेल्ट ताणला, कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काळे पडलेले पॉइंट साफ करून घेतले, आकडा 14.1 वर आला.

तरी संध्याकाळी परत उतरली. कारण तात्यांनी मडगार्डवर लावलेले दोन हॅलोजन. 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. त्या काळचे डायनॅमो मॉडेलप्रमाणे अकरा ते बावीस अँपिअरचे, आणि तेही इंजिन पळत असेल तर. वर स्पीकर होताच. चिखलणीला गाणी लागतातच म्हणे. आता एलईडी दिवे लावलेत, स्पीकर मात्र अजून आहे.

चांगली बॅटरी बदलणं

यावर जरा थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ट्रॅक्टर रंगवून घेतला. लालभडक, नव्यासारखा. पहिल्याच पावसात सेल्फ (स्टार्टर) मारला तर नुसतं ‘खट्’. पुन्हा मारला, पुन्हा ‘खट्’. हेडलाइट मात्र टकाटक. वाडीतल्या चौघांनी एकमुखाने निकाल दिला : बॅटरी गेली. मी नवी आणली, जुनी एक्स्चेंजमध्ये दिली, नवी बसवली. सेल्फ मारला. ‘खट्’.

दिवे प्रखर आणि सेल्फ गप्प असेल तर बहुतेक वेळा करंट वाटेत अडलेला असतो. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, ते गंजलेल्या जोडातूनही जातात. डिझेल इंजिनच्या सेल्फला दोन-तीनशे अँपिअर लागतात, ते त्याच जोडात अडकतात. शोधायची पद्धत सोपी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर टेकवा (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 च्या आसपास किंवा त्याच्या आत राहिला पाहिजे. आमच्याकडे 2.8 आला. म्हणजे बारातले जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गडप.

अर्थची विणीची पट्टी खोलली. पेंटरने चॅसिसवर बोल्टच्या भोकापर्यंत झकास रंग मारला होता, त्यावर पट्टी ठेवून बोल्ट आवळला होता. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत लोखंडापर्यंत घासली, पट्टीची दोन्ही टोकं घासली, आवळून वरून व्हॅसलीनचा हात दिला. आकडा 0.1. सेल्फ असा फिरला की सीटवरची कोंबडी उडून गेली. आणि आमची धडधाकट बॅटरी तोवर ठाण्यातल्या दुकानात भंगाराच्या भावात जमा झाली होती.

मीटर नसेल तर हात लावून पाहा. पाच-सहा सेकंद सेल्फ मारल्यावर जो जोड गरम लागतो, रोग तिथेच. ‘खट्-खट्-खट्’ अशी भराभर टकटक ऐकू आली तर मात्र बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता जास्त. सेल्फ मारताना बॅटरीवरचे व्होल्ट 9.6 च्या खाली कोसळत असतील, आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली असेल, तरच तिला दोष द्या. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीकडे बघूच नका. डिझेलने एअर घेतली असेल, म्हणजे नळीत हवा शिरली असेल. फिल्टरचा ब्लीड स्क्रू सोडून हँडपंपाने एअर काढा. नाहीतर सेल्फ मारत राहाल आणि चांगली बॅटरीही संपवाल.

नवी घेतानाच्या चुका

इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी ट्रॅक्टरला लावणारे प्रत्येक गावात आहेत. ती जाड प्लेटची, हळूहळू तासन्‌तास करंट देणारी. सेल्फला हवा असतो क्षणाचा दणका. शिवाय तिची उंची जास्त. आमच्या शेजारच्या पाड्यात अशी उंच बॅटरी बसवली, बोनेट आपटलं आणि टर्मिनल पत्र्याला टेकलं. वास अजून आठवतो. बॅटरी घ्यायला जाताना ट्रेचं माप, बोनेटपर्यंतची उंची आणि पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला लागतो हे कागदावर लिहून न्या.

पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरच्या डिझेलला 12 व्होल्ट, 75 ते 90 अँपिअर-अवरची ट्रॅक्टरसाठीची बॅटरी पुरते. त्याहून मोठी घेतली तर बिघडत नाही, पण उतरली तर अशक्त डायनॅमोला ती भरायला जास्त वेळ लागतो. दुकानात मागच्या रांगेत धूळ खात पडलेली घेऊ नका. बनल्याची तारीख विचारा, मीटर लावून बघा. ड्राय (कोरी, ॲसिड न भरलेली) बॅटरीत ॲसिड भरून लगेच हातात दिली तर अर्धा तास थांबून एक चार्जिंग मागून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी.

खरोखर पुराणा ट्रॅक्टर असेल तर आधी दोन गोष्टी तपासा : व्होल्ट किती आणि अर्थ कुठला. 1946 ते 1956 मध्ये कॉव्हेंट्रीत बनलेल्या फर्ग्युसन टीई-20 चे सुरुवातीचे ट्रॅक्टर 6 व्होल्टचे होते, नंतरचे 12 चे. अमेरिकेचा फोर्ड 8एन 6 व्होल्टचा आणि पॉझिटिव्ह अर्थचा. इंग्लंडच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांतही पॉझिटिव्हच बॉडीला जोडलेला असतो. आपल्याकडचा वायरमन सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडून मोकळा होतो. ट्रॅक्टर चालूही होतो, कारण सेल्फला उलट-सुलट फारसं कळत नाही. पण डायनॅमो चार्ज करत नाही, अँपिअरमीटर उलटा दाखवतो, आणि मध्ये कुणी अल्टरनेटर बसवला असेल तर त्याचे डायोड जळतात. मुद्दाम अर्थ बदलायचाच असेल तर डायनॅमोला नवी दिशा शिकवावी लागते : इंजिन बंद ठेवून डायनॅमोच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढायची आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची वायर त्या टर्मिनलला क्षणभर टेकवायची. 6 व्होल्टला केबल दुप्पट जाड लागते, कारण तेवढ्याच कामाला करंट दुप्पट. जीपची उरलेली केबल तिथे चालत नाही.

पाणी, बुरशी आणि फळी

बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच. बोअरचं नाही, आरओचं नाही आणि एसीचंही नाही. आमच्या सोसायटीत एसीच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणारे काका आहेत, “शुद्ध वाफेचं पाणी” म्हणतात. त्या पाण्यात एसीच्या कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश उतरलेला असतो. प्लेटच्या वर बोटाच्या पेरापेक्षा जरा कमी एवढं पाणी बस्स. भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. प्लेट उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी घाला. ‘जोर येण्यासाठी’ ॲसिड तर कधीच घालू नका. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघा. एक सेल बाकीच्यांपेक्षा 50 पॉइंट खाली असेल (पाच 1250 दाखवतात आणि एक 1200 च्या खाली), तर ती बॅटरी खरोखर गेली.

टर्मिनलची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, बूच घट्ट लावून, म्हणजे सोडा आत जाणार नाही. चार्जर बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याचा : 80 च्या बॅटरीला 8 अँपिअर. बंद खोलीत नको, गॅस निघतो, तो पेट घेतो.

बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असं तात्या ठाम सांगतात आणि खाली फळी ठेवतात. जुन्या लाकडी पेटीच्या बॅटऱ्यांच्या काळात त्यात तथ्य होतं, आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला काही होत नाही. मी वाद घालत नाही. ट्रॅक्टरवर मात्र खाली रबर आणि वरून क्लॅम्प हवाच. बांधावरच्या आदळआपटीत आतल्या प्लेट सुटतात.

ही एक चूक करूच नका

सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभं राहून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावून स्टार्टरची टर्मिनल शॉर्ट करणं. या जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच नसतो. गिअरमध्ये असेल तर इंजिन पकडतं आणि मागचं चाक उभ्या माणसावर येतं. आमचा एक गडी थोडक्यात वाचला, चिखल होता म्हणून. गरज पडली तर उतारावर लावून सोडा, जुनी माणसं तेच करायची.

केबल काढताना बॉडीला जोडलेली आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची, मग ती पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह. उलटं केलं तर पाना बॉडीला लागतो आणि पानाच वितळतो.

जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती परत घेऊन नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नव्याच्या किमतीत तिचे पैसेही वजा होतात. ॲसिड शेतात ओतून रिकामी पेटी भंगारवाल्याला देऊ नका. आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात अजून एक पडून आहे, फळीवर. तात्या म्हणतात, “असू दे, चार्ज करून बघू.” हायड्रोमीटर तिच्यात तरंगतसुद्धा नाही. पुढच्या फेरीत टेम्पोत घालून आणणार आहे, त्यांना न सांगता.