बॉल पायथन जेवत नाही? या चुका टाळा

थंडी पडली की बॉल पायथन पाळणाऱ्या ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "तीन आठवडे झाले, उंदराकडे बघतसुद्धा नाही. मरणार तर नाही ना?" मी विचारतो, सापाच्या पेटीत तापमान किती आहे? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "हात लावला तर गरम लागतंय."

पुढे जाण्याआधी एक स्पष्ट करतो. धामण, दिवड, अजगर असे आपल्याकडचे साप पकडून घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे त्यांचा इथे विचार नाही. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, परदेशी असला, तरी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

हा साप मूळचा घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहायचं, अंधार पडला की बाहेर यायचं आणि शिकार जवळून जाईपर्यंत वाट बघायची, हा त्याचा स्वभाव. उपाशी राहणं त्याला नवं नाही. पूर्ण वाढलेला नर विणीच्या हंगामात तीन-चार महिने सहज खात नाही. अंड्यांना वेटोळं घालून बसलेली मादीही बहुधा खात नाही. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधाळ होतात, तेव्हा दिसायला कमी येतं आणि बरेच साप तोंड फिरवतात. हा उपवास आजार समजून रोज नवा उंदीर नाकासमोर नाचवायचा, ही पहिली चूक. रोजच्या छळाने साप आणखी लपून बसतो. नाकारला तर सात-दहा दिवस पेटीकडे फिरकू नका, फक्त पाणी बदला.

मग काळजी कधी करायची? त्यासाठी स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल वजनकाटा घ्या आणि महिन्यातून दोनदा वजन वहीत लिहा. नुसत्या नजरेचा अंदाज हमखास चुकतो. मोठ्या सापाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा. पिल्लाच्या बाबतीत एवढी वाट बघू नका, त्याच्या अंगात साठा थोडा असतो.

आता तापमान. न खाण्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि सगळ्यांत शेवटी तपासलं जातं तेही हेच. सापाच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. पोटातला उंदीर पचवायला लागणारी ऊब बाहेरून मिळते. ती मिळणार नसेल, तर न खाण्यातच त्याचं शहाणपण आहे. गार अंगाने खाल्लेला उंदीर पोटात सडतो आणि उलटून पडतो. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश, दुसरी २६-२७, आणि रात्री २४च्या खाली नाही, एवढं जमलं पाहिजे. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा दहा-बारावर येतो, त्यात वीज गेली तर पेटी तासाभरात गार पडते. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची गरम चटई, तापमान आपोआप आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, सापाचं पोट भाजल्याची उदाहरणं आहेत. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक अशा दोन अंधाऱ्या, अंगाला घासून बसतील अशा लपायच्या जागा द्या. काचेच्या मोठ्या पेटीत उघड्यावर बसलेला बॉल पायथन शिकारीपेक्षा स्वतःला कोण खाईल याच धास्तीत असतो.

शिकार देतानाची चूक बारीक असते. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. जिभेने वास आणि या खाचांनी ऊब, दोन्ही जुळलं तरच झडप. फ्रीजरमधला उंदीर नुसता वितळवून गार दिला, तर सापाच्या लेखी तो दगड. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा, आणि देण्याआधी डोकं शरीरापेक्षा जास्त, साधारण ३८ अंशांपर्यंत, उबदार करा. मायक्रोवेव्ह वापरू नका. बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो, कधी कधी फुटतोही. (त्याच फ्रीजमध्ये आईचे मटार असतील तर डबा वेगळा आणि घट्ट झाकणाचा. आईची परवानगी कशी मिळवायची ते ज्याचं त्यानं बघावं.) उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा, त्याहून मोठा नको. लांब चिमट्याने धरून हळूच, लांबून जाणाऱ्या उंदरासारखा हलवा. नाकावर टोचाल तर तो गोळा होऊन डोकं आत घेईल.

जिवंत उंदीर सोडून खोलीबाहेर जाणं मला अजिबात पटत नाही. साप भुकेला नसला, तर भुकेला होतो तो उंदीर, आणि तो सापाची पाठ, डोळे कुरतडतो.

"पेटीत खायला घातलं तर साप चावरा होतो, म्हणून वेगळ्या टबात घाला" हा सल्ला अजून फिरतो. खरं तर उचलाउचलीने साप बिथरतो, आणि भरल्या पोटाने त्याला परत उचलावं लागतं. चावे बसतात ते हाताला उंदराचा वास असल्यामुळे. हात धुवा, आणि बाहेर काढण्याआधी हुकाने, म्हणजे साप उचलायच्या वाकड्या टोकाच्या काठीने, अंगाला हलका स्पर्श करा. थोड्या दिवसांत त्याला कळतं की हा स्पर्श जेवणाचा नाही. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून जीभ भराभर चालली असेल, तर हात आत घालू नका. तरीही चावून वेटोळं घातलंच, तर हात ओढू नका. दात मागे वळलेले असतात, जखम तुम्हीच मोठी कराल. गार पाण्याखाली धरा आणि शेपटीकडून वेटोळं सोडवा.

खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. उंदीर उलटलाच तर घाईने दुसरा देऊ नका. किमान दहा-चौदा दिवस थांबून निम्म्या आकाराचा द्या.

आणि दूध? नागपंचमीला ते पाजलं जातं, पण सापाला ते पचत नाही. तहानेने कासावीस ठेवलेला साप समोर आलेलं काहीही पितो, एवढंच. चिकनचे तुकडेही नकोत. हाडं, यकृत, केस यांसकट अख्खा प्राणी हेच त्याचं पूर्ण अन्न.

माझ्या नराने एकदा नोव्हेंबर ते मार्च काहीही घेतलं नाही. वजन ४० ग्रॅमनेच उतरलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. मार्चअखेरीस एका रात्री कोमट उंदीर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवला, पेटीवर चादर टाकली आणि दिवा मालवला. सकाळी उंदीर नव्हता, आणि तो पाण्याच्या भांड्याशेजारी जबडा ताणून जांभया देत होता.