दोस्ताने वजन उतरवलंय आणि फोटो काढायचेत? मग हे वाचा

आमच्या ग्रुपमधल्या एकाने दीड वर्षात २२ किलो उतरवले. पावडर-बिवडर काही नाही, सकाळी शिवाजी पार्कला राउंड, संध्याकाळी जिम आणि वडापाव महिन्यातून एकदा. मग म्हणाला फोटो काढ ना यार. मी काढले, पार वाया गेले. दुपारी साडेबाराला पार्कात उभा केला त्याला, ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, एवढा घाम गाळलेला माणूस आजारातून उठल्यासारखा दिसत होता.

तर पहिलं म्हणजे फोन खिशातच ठेवा आणि त्याला विचारा, आता तुला काय जमतं जे आधी जमत नव्हतं? शर्ट वर करून पोट दाखवणारा फोटो सगळेच काढतात, हवा तर एक काढा. आमचा म्हणाला जिना. दादरची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, हा चौथ्या मजल्यावर राहतो, आधी दुसऱ्या मजल्यावर दम लागला की थांबून मोबाइल बघायचं नाटक करायचा म्हणे, शेजारच्या काकूंना कळू नये म्हणून! मग तिथेच काढले. जिन्यात खिडकीतून उजेड एका बाजूने येतो आणि आडव्या उजेडातच खांदे, दंड, जबडा नीट उठून दिसतात, समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. पळत वर यायला सांगा आणि बर्स्ट मोड लावा, म्हणजे एकामागोमाग धडाधड फोटो निघतात, वीसातला एखादा तरी बरा निघतो. जिन्यात उजेड कमी असेल तर पळायला लावू नका, फोटो हलणारच, चालत येऊ दे.

बाहेर काढायचे तर मरीन ड्राइव्ह, पण वेळ बघा. सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे, त्याच्या तासभर आधी पोचा. दोस्ताला समुद्राकडे नको, नरिमन पॉइंटकडे तोंड करून उभा करा म्हणजे ऊन बाजूने पडतं. सकाळी गेलात तर ऊन बिल्डिंगांच्या मागे अडतं, कट्ट्यावर मऊ सावली असते, चेहऱ्याला तीही छान. एसी गाडीतून उतरलात की लेन्सवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबा आणि बनियनच्या कापडाने पुसा.

फोनच्या वाइड लेन्सवर जवळ जाऊन काढू नका, नाक मोठं आणि पाय आखूड, सगळी मेहनत पाण्यात. चार पावलं मागे या, झूम दोन एक्स करा, फोन त्याच्या बेंबीच्या उंचीवर धरा. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा. आधी दहा-पंधरा पुश-अप मारले तर दंड भरलेले दिसतात, पण फोटोसाठी पाणी न पिणं वगैरे चाळे मुंबईच्या उकाड्यात अजिबात नको.

आधी-नंतरचा जोडफोटो करायचा असेल तर जुन्या फोटोत जसा उभा होता तसाच उभा करा, तेवढ्याच लांबून, तसाच उजेड. जुन्यात पोट सोडून आणि नव्यात श्वास कोंडून, ही चीटिंग आहे आणि लोकांना कळतं. कंबर बारीक करणारं ॲप तर उघडूच नका, मागची टाइल वाकडी होते आणि मग खरे उतरलेले किलोसुद्धा कोणी मानत नाही.

माझा सगळ्यात आवडता फोटो त्याच्या पट्ट्याचा आहे. नवा घेतलाच नाही पठ्ठ्याने, खिळ्याने भोकं पाडत गेला, पाच भोकं, एकही सरळ रेषेत नाही, आणि जुन्या भोकाजवळ बकलने पडलेला काळपट वळ अजून तसाच. टेबलावर खिडकीशी ठेवून जवळून काढला, दोन मिनिटांचं काम. तुमच्या दोस्ताकडेही असं काहीतरी असेल, ढगळा शर्ट, सैल झालेली अंगठी, शोधा.

आणि हो, टाकायच्या आधी त्याला विचारा. कोणाला जुना फोटो जगासमोर नको असतो. मी विचारलं, त्याने दोनच निवडले, जिना आणि पट्टा. बाकीचे त्याच्या आईने फॅमिली ग्रुपवर टाकले, तिने कोणाला विचारलं नाही.