इकॉलॉजी-उत्क्रांतीच्या पहिल्या तासाआधी

एम. एस्सी.ला इकॉलॉजी आणि उत्क्रांती शिकवायची असेल, तर वेळापत्रक आखण्याआधी पावसाचा विचार करा. गवतं ओळखायची तुऱ्यांवरून, आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर बहुतेक गवतं तुऱ्यावर येतात ती पावसाळा सरताना. म्हणून गणिताचे तास जुलैत उरका, टेकडी सप्टेंबर-ऑक्टोबरला ठेवा. परवानगीची चौकशी मात्र जूनमध्येच करा.

सामान थोडंच लागतं: एक मीटरचा चौरस आखायला सुतळी, गटाला चार खुंट्या, भिंग, वही. एक गट लागवडीच्या गिरिपुष्पाच्या झाडांखाली बसवा, दुसरा उघड्या गवतात. चौरस किती घ्यायचे ते आधी सांगू नका. प्रत्येक चौरसानंतर एकूण जाती किती झाल्या ते आलेखावर मांडू द्या, रेघ सपाट व्हायला लागली की मुलं आपणहून थांबतात. पाणी, वाटेतलं स्वच्छतागृह, सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय, हे स्वतः जाऊन पाहून या.

जेनेटिक ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने पिढ्यांमध्ये जनुकांचं प्रमाण बदलणं, दाखवायला दोन रंगांचे, पण एकाच आकाराचे मणी घ्या. राजमा आणि चवळी नको. बोटांना फरक कळतो, मग जे घडतं ती निवड असते, योगायोग नव्हे.

सगळ्यात जास्त तयारी 'जुळवून घेणं' या एका शब्दाची करावी लागते. 'प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात' हे वाक्य मुलं शाळेपासून ऐकत आलेली असतात, आणि गरज पडली की प्रत्येक जीव स्वतःला बदलतो, असा त्याचा अर्थ मनात पक्का बसतो. तो खोडायला पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याचं गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावरचं काम नीट वाचून जा. 1977 च्या दुष्काळात तिथे बारीक, मऊ बिया जवळजवळ संपल्या. कठीण बिया फोडू शकणारे जाड चोचीचे फिंच पक्षी जास्त तगले. एकाही पक्ष्याची चोच गरजेपोटी जाड झाली नाही. पुढची पिढी जाड चोचीची निघाली, कारण ती तगलेल्यांची पिल्लं होती. हे फळ्यावर आकृती काढून, घाई न करता सांगा.

आणि गेल्या हिवाळ्यात मोज्यांना चिकटून आलेली कुसळी गवताची कुसळं डबीत जपून ठेवा. पहिल्याच तासाला एक कुसळ ओलं करून कागदावर ठेवा. त्याचा पीळ सुटत जातो, ते हळूहळू फिरतं. ओल्या-सुक्याच्या याच फिरण्याने बी मातीत घुसतं. गवताला अशी कुसळं कशी आली असतील, ते प्रत्येकाकडून चार ओळींत लिहून घ्या. कागद तपासू नका, जपून ठेवा. सत्राच्या शेवटच्या तासाला ज्याचे त्याला परत द्यायचे आहेत.