जुन्या छोट्या टेबल सॉची फेन्स बदला, मशीन बदलू नका

जुन्या 8 किंवा 10 इंची टेबल सॉची (टेबलातून ब्लेड वर येणारी करवत) मोटर धडधाकट असते, टेबल सपाट असतं, पण फेन्स, म्हणजे लाकूड जिच्या कडेने सरळ सरकवायचं ती आडवी पट्टी, नुसता वाकवलेला पत्रा. पुढून आवळली की मागचं टोक सरकतं, मागून आवळली की पुढचं, मग प्रत्येक कटला पट्टी घेऊन दोन्हीकडे मोजत बसायचं. आणि हा नुसता मापाचा प्रश्न नाहीये. फेन्स मागे ब्लेडकडे कलली तर लाकूड तिथे अडकतं, ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात ते त्याला उचलतात आणि सरळ तुमच्या अंगावर फेकतात. 10 इंची ब्लेड 2850 आरपीएमवर फिरत असेल तर दातांचा वेग ताशी 135 किमीच्या आसपास असतो, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

माझ्या मते घरी बनवायला सगळ्यात चांगलं डिझाईन म्हणजे अमेरिकेतल्या बिल बीसेमायरच्या नावाने ओळखलं जातं ते, टी आकाराची फेन्स जी फक्त पुढच्या बाजूला लॉक होते. मागे काही आवळायचंच नाही, म्हणून मागचं टोक दगा देत नाही. सामान साधं आहे, पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा गावातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला.

टेबलाच्या पुढच्या कडेला 75×50×6 चा (सगळी मापं मिमीत) एमएस म्हणजे साध्या लोखंडाचा अँगल बोल्टने बसवायचा, 50 ची बाजू टेबलाला, 75 ची बाहेर. त्यावर बाहेरच्या कडेला 50×50 चा चौकोनी पाईप, बोल्ट खालून मारा म्हणजे पाईपच्या वर आणि बाजूंना काही डोकं येत नाही. टेबल बिडाचं असेल तर शक्यतो जुनीच भोकं वापरा, नवीन पाडायचं तर 6.8 चं ड्रिल आणि एम 8 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), बिडाला तेल लागत नाही. टेबल ॲल्युमिनियमचं असेल तर आटे पाडू नका, आरपार बोल्ट आणि मोठा वॉशर घाला.

इथे एक गोष्ट नीट बघा: पाईपचा माथा टेबलाच्या 12 मिमी खाली पाहिजे. बरेच जण तो टेबलाच्या लेव्हलला बसवतात आणि मग मायटर गेजची (आडवं कापताना लाकूड कोनात धरणारं साधन) पट्टी टेबलाच्या खाचेत पुढून शिरतच नाही, सगळं परत खोला.

आता टीचं डोकं. 300 लांबीची 75×6 ची पट्टी, तिच्याखाली दोन्ही कडांना 40×6 च्या पट्ट्या वेल्ड, म्हणजे पाईपवर उलटा बसणारा चॅनेल तयार, आत 63 मिमी जागा. टेबलाकडच्या पट्टीत 250 अंतरावर दोन एम 8 चे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले), पुढच्या पट्टीत मधोमध एम 10 चा हँडलवाला बोल्ट. बोल्ट आवळला की ग्रब स्क्रू पाईपला टेकतात आणि फेन्स जागच्या जागी घट्ट. वेल्डरला आधी टॅक (छोटे ठिपके) मारायला सांगा, थंड होऊ द्या, मग थोडं थोडं भरा, नाहीतर पट्टी ओढली जाते.

फेन्सचा दांडा 75×50×3 चा पाईप. तो वेल्ड करू नका, डोक्यावर 8 मिमीची पट्टी ठेवून दोन बोल्टने गुण्यात (काटकोनात) आवळा, दांडा टेबलाच्या 2 मिमी वर तरंगतो. मागच्या टोकाखाली नायलॉनचा तुकडा चिकटवा. दांड्याला 18 मिमी प्लायचा चेहरा (लाकूड टेकतं ती बाजू), वर सनमायका, चेहरा टेबलाला गुण्यात नसेल तर मागे मास्किंग टेपचे थर द्या. सागवान किंवा कुठलंही अखंड लाकूड लांबीत चिरायचं असेल तर चेहरा ब्लेडच्या पुढच्या, कापणाऱ्या दातांच्या जरा मागेच संपलेला बरा, कारण असं लाकूड चिरताना उघडतं आणि त्याला जायला जागा लागते.

सेटिंगच्या आधी प्लग काढा. पहिल्यांदा ब्लेड मायटरच्या खाचेला समांतर आहे का बघा: एका दातावर खूण करा, पुढे मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, परत मोजा. फरक असेल तर आधी तो काढा. मग फेन्स खाचेला लावा. ग्रब स्क्रू फिरवायला फेन्स उचलायची, थोडा फिरवायचा, परत ठेवून आवळून बघायचं. पाव आटा फिरवला तर 700 च्या दांड्याचं मागचं टोक जवळपास 0.9 मिमी सरकतं, म्हणून अगदी जरासाच. मागे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) 0.1 मिमी मोकळं राहिलं तर चालेल, आत ब्लेडकडे अजिबात नको.

शेवटी स्क्रॅप प्लायची लांब पट्टी पुश स्टिकने (हात लांब ठेवून ढकलायची काठी) ढकलत चिरा, दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा, सारखी आली की मगच पाईपवर मापाची टेप चिकटवा.