बारमागचे पहिले तीन महिने

बारटेंडरचं काम मापापासून सुरू होतं. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ स्मॉल पेग बसतात. हात सैल पडून दर पेगाला ५ मिली जास्त गेलं, तर त्याच बाटलीतून पुरे २१ निघतात, आणि उरलेले चार कुठे गेले ते रात्री स्टॉक मोजताना तुम्हालाच विचारलं जातं. ५ मिली कमी ओतलं तर ती सरळ गिऱ्हाइकाची फसवणूक. म्हणून कॉकटेलची नावं पाठ करण्याआधी हात मापावर बसवा.

घरच्या सरावाला दारू लागत नाही. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६० मिलीचं पेग मेजर, दोन टिनांचा बॉस्टन शेकर, स्प्रिंगची गाळणी, लांब दांड्याचा बार स्पून, एक रिकामी बाटली आणि तिच्या तोंडाला बसणारा पोअरर (धार सारखी पडावी म्हणून लावायची नळी), एवढं आणा. बाटलीत पाणी भरा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्लास ठेवून आकडा शून्य करा. पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे काटाच तुमचा परीक्षक होतो. बाटली मानेशी धरून पूर्ण उलटी करा. अर्धवट तिरकी धरली तर हवा नीट आत जात नाही आणि धार कमी-जास्त होते. मनात सारख्या लयीत आकडे म्हणा आणि ३० ग्रॅम कितव्या आकड्याला होतात ते पाहा. सलग दहा वेळा २९ ते ३१ च्या आत आलात की हात बसला. पोअरर बदलला की आकडा बदलतो आणि घट्ट लिक्युअर (गोड मद्य) हळू पडतं, म्हणून प्रत्येकासाठी मोजणी नव्याने करायची. हा सराव व्हिस्कीवर करू नका. मद्य पाण्यापेक्षा हलकं असल्याने तिचे ३० मिली जेमतेम २८ ग्रॅम भरतात.

हात कितीही बसला तरी कामावर पेग मेजर वापरा, कॉकटेलला तर नेहमीच. मेजर सपाट धरून काठापर्यंत भरायचं. ते ग्लासाच्या अगदी वर धरून भरायची सवय लागली, तर सांडलेलं सगळं ग्लासातच जातं आणि माप बिघडलेलं कळतही नाही.

आता बर्फ. नव्या माणसाचं ड्रिंक पाणचट होण्याचं कारण बहुतेक वेळा बर्फच असतो, आणि त्यातही कमी बर्फ. थोडे तुकडे घातले की ते भरभर वितळतात, ड्रिंक गार व्हायच्या आत पाणी सुटतं. शेकर दोन-तृतीयांश बर्फाने भरा. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत बादलीतला बर्फ अर्ध्या तासात ओला होतो, म्हणून खालचं पाणी निथळून टाका. लिंबाचं ड्रिंक १० ते १२ सेकंद जोरात हलवा, टिनवर बाहेरून दव धरलं की थांबा. नुसत्या मद्यांचं ड्रिंक हलवायचं नाही, २० ते ३० सेकंद चमच्याने ढवळायचं, नाहीतर हवा शिरून ते गढूळ दिसतं. तयार ड्रिंकमध्ये पाव ते एक-तृतीयांश भाग वितळलेलं पाणी असतं. ते पाणी कृतीचाच भाग आहे.

बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे ना, हे रोज विचारा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. निळसर लादी बाहेरून बाटल्या गार करायलाच ठेवा, ग्लासात तिचा तुकडाही जाता कामा नये. बर्फ काढायला स्कूप वापरा, ग्लास कधीही नाही. ग्लासाचा टवका उडून बर्फात पडला तर तो दिसत नाही. असं झालंच तर बर्फ निवडत बसू नका. सगळा गरम पाण्याने वितळवून टाका, पेटी पुसून घ्या आणि नवा बर्फ भरा. ऐन गर्दीत हे जिवावर येतं, पण इथे दुसरा मार्ग नाही.

साखरेच्या पाकाला ५०० ग्रॅम साखर आणि ५०० मिली पाणी घ्या. साखर विरघळेपर्यंतच कोमट करा. उकळलात तर पाणी उडून पाक घट्ट होतो, आणि काल बरोबर लागलेलं ड्रिंक आज गोड लागतं. यातून सुमारे ८०० मिली पाक मिळतो. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो, ढगाळ दिसला की फेकून द्या. एका कागदी लिंबाचा रस साधारण १० ते १५ मिली निघतो, म्हणजे प्रत्येकी २५ मिली रसाच्या वीस ड्रिंकना चाळीसेक लिंबं लागतात. साल चिरडेपर्यंत पिळू नका, कडू उतरतं. रस त्याच दिवशी वापरायचा. लिंबाचा आंबटपणा दर आठवड्याला बदलतो, तेव्हा शिफ्ट सुरू होताना चमचाभर चाखून पाकाचं प्रमाण ५ मिलीने वर-खाली करा.

पुदिना हलक्या हाताने दाबा. वाटल्यासारखा ठेचला की पानं काळी पडतात आणि गवताचा कडवटपणा येतो.

पहिल्या महिन्यात चार ड्रिंक पुरेत. हायबॉल: ६० मिली व्हिस्की, ग्लासभर बर्फ, १५० ते १८० मिली सोडा. सोडा कडक गार हवा, कारण कोमट पाण्यात वायू टिकत नाही, फेस होऊन निघून जातो. तो ग्लासाच्या आतल्या कडेने ओता, चमचा एकदा तळाला नेऊन वर आणा, बस. सोडा शेकरमध्ये कधीच घालायचा नाही, झाकण उडेल. डायकिरी: ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली पाक, हलवून गाळायचं. रमच्या जागी जिन घातली की गिमलेट, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. एका प्रमाणावर एवढं घराणं उभं असल्यामुळे डायकिरी आधी नीट जमवा. निग्रोनी: जिन, कँपारी (कडसर लाल लिक्युअर), गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली, ढवळून. व्हर्मूथ ही वाइन आहे. उघडलेली बाटली मागच्या फळीवर ठेवली की काही आठवड्यांत शिळी होते, ती फ्रिजमध्येच हवी.

चौथं ड्रिंक गोव्याचं. काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक. तो उन्हाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांपुरताच मिळतो आणि फेणीपेक्षा बराच सौम्य असतो. उंच ग्लासात ६० मिली उर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, बर्फ आणि वर लिम्का. फेणी दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची, साधारण ४२.८ टक्के मद्याची. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास दडपायला फळांचे रस ओतत बसू नका. लिंबू, मीठ आणि मिरची तिला उत्तम सांभाळतात.

किनाऱ्यावरच्या शॅकवर (झोपडीवजा बारमध्ये) उन्हात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: लिंबाचा रस लागलेल्या हातावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येतात. बाहेर पडण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

एकाच टेबलची ऑर्डर दोन बिअर, एक निग्रोनी, दोन डायकिरी आणि एक लार्ज व्हिस्की सोडा अशी असली, तर आधी ग्लास मांडा. निग्रोनी ढवळून गाळा, दोन्ही डायकिरी एकाच शेकरमध्ये करा, मग सोडा आणि शेवटी बिअर. फेस आणि बुडबुडे थांबत नाहीत, ढवळलेलं ड्रिंक मिनिटभर थांबतं. बिअरचा फेस लगेच मरत असेल तर ग्लासात साबण किंवा तेलाचा अंश राहिलेला असतो. ग्लास खळखळून धुवा आणि पालथा वाळवा, फडक्याने आतून पुसू नका.

बाटली वापरली की लेबल समोर करून जागच्या जागी ठेवायची. गर्दीत हात न बघता तिथे जायला हवा.

कायदा पाठ असू द्या. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, कडक दारूसाठी २५. शंका आली तर ओळखपत्र मागा. ड्राय डेच्या तारखा काउंटरमागे लावून ठेवा. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची आहे, आणि ती एखाद-दोन पेगातही ओलांडली जाऊ शकते. कुणाची जीभ अडखळायला लागली, आवाज चढला, की पुढचा पेग लांबवा, न मागता पाणी आणि चखणा पुढे करा आणि सोबतच्या माणसाशी बाजूला बोला. नाही म्हणायची वेळ आली तर "दादा, आज इथे थांबूया, मी रिक्षा बोलावतो," एवढं हळू आवाजात पुरतं. चारचौघांत अपमान झाला की भांडण पेटतं.

नोकरी बहुतेकांना हेल्पर किंवा बारबॅक म्हणूनच मिळते: बर्फ वाहणं, लिंबं चिरणं, ग्लास धुणं, क्रेट मोजणं. ती घ्या. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसारख्या ठिकाणचं शिक्षण मोठ्या हॉटेलांत उपयोगी पडतं, पण छोट्या बारमध्ये ट्रायलच्या रात्री तुमचा काउंटर स्वच्छ राहतो का हेच पाहतात. गोव्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, तेव्हा पावसाळा संपता संपता चौकशी सुरू करा. मुलींनीही बिनधास्त अर्ज करावा. दिल्लीत लागू असलेलं, स्त्रियांना बारमध्ये काम करायला बंदी घालणारं कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरवलं आहे.

पगार ठरवताना तीन गोष्टी आधी विचारा. टिप कशी वाटतात, फुटलेल्या बाटलीचे पैसे कापतात का, आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का. मुंबईत बार रात्री दीडपर्यंत चालतो, मग स्टॉक मोजणं आणि आवराआवर. तोवर शेवटची लोकल गेलेली असते, आणि रोजची रिक्षा पगाराचा मोठा लचका तोडते.